बसता न येणाऱ्या माणसाचं तळं

चंपतराव काकाजींना मी स्वस्थ बसलेलं दोनदाच पाहिलं. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत, तेही त्यानं मान धरून ठेवली होती म्हणून. दुसऱ्यांदा यंदाच्या दिवाळीच्या पाडव्याला, तळ्याच्या काठावर. ही गोष्ट त्या दुसऱ्या बसण्याची.

नंदनवन नावाच्या वस्तीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. भिवापूरहून नोकरीसाठी आलो तेव्हा खोली दाखवताना काकाजींनी मला जिन्यावरून तीनदा वर-खाली नेलं. खोली एकच होती. लकडगंजात एका लाकडाच्या टालावर त्यांचा जन्म गेला. सागाचे ओंडके मोजायचे, टेप घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. त्यांच्यासाठी तिथं एक खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांचा डबा बसायचा. पुढे मालकाच्या पोरानं टाल मोडून प्लायवूडचं दुकान थाटलं आणि काकाजी घरी आले. तेव्हापासून ते हॉलमध्ये चालतात. जेवायला टेकले तरी गुडघा हलतो, गुडघ्यानं ताट हलतं, आणि वरण भात सोडून पोळीकडे जातं.

"यायच्या पायाले देवानं मोटर लावली," शामला काकी म्हणते. "बटन लावाचं तेवढं राहून गेलं."

घरी बसून, म्हणजे चालून, त्यांनी बरेच उद्योग केले. जिन्याखाली मशरूम लावले आणि उगवलं की नाही हे पाहायला रोज पिशव्या उघडल्या, म्हणून मशरूम उगवलेच नाहीत. गच्चीवर बटेर पाळले. त्या बटेरांना दिवसातून इतक्यांदा भेटी मिळाल्या की त्यांनी अंडी घालायचं बंद केलं. शेवग्याची रोपं लावून पंधरा दिवसांत दुसरीकडे हलवली, मग तिसरीकडे. घराच्या मागे अजून एक शेवगा उभा आहे, वाटीएवढ्या बुंध्याचा. तो वाचला कारण त्या आठवड्यात काकाजींना डेंग्यू होता.

उमरेड रोडवर पाचगावच्या पुढे त्यांचं थोडं वडिलोपार्जित वावर, म्हणजे शेत आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी तिथं तळं खोदायचं काढलं. जेसीबीवाल्यानं एक खड्डा कमरेएवढा खोदला तेव्हा काकाजींना वाटलं, तळं जरा पलीकडे बरं दिसेल. मग पलीकडे खरं तळं झालं आणि पहिला खड्डा तसाच राहिला. जेसीबीवाला जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "भौ, यायले आता घरी घेऊन जा, नाही तं माह्या हातून दुसरी विहीरबी खोदून घेतीन."

तळ्यात मरळ पाळायची होती. मरळच का, असं मी विचारलं.

"तो मासा पाहिला का तू? पाण्यात काडीसारखा उभा राह्यते. हलत नाही, डुलत नाही. अन् बारका मासा जवळ आला का एकदम सुटते!" काकाजींनी हात असा सोडला की माझ्या हातातला चहा सुटला. "मले तो मासा पटते."

त्यांना त्यातला फक्त सुटायचा भाग पटला होता, हे पुढे कळलं.

तळ्याची बातमी पुण्याला रोहितला कळली. रोहित त्यांचा एकुलता एक मुलगा, तिकडे कंपनीत आहे. काही वर्षांपूर्वी काकाजींनी, अर्थात घाईघाईत, ते वावर त्याच्या नावावर करून टाकलं होतं. रोहित फोनवर स्पष्टच बोलला. काकाजी फोन स्पीकरवर ठेवून हॉलमध्ये चालत होते, त्यामुळे जवळ आले की ऐकू यायचं आणि लांब गेले की पुसट व्हायचं.

"बाबा, तुमचं एक काम शेवटाले गेलेलं मी पाहिलं नाही. शेजारच्या वावरात लेआउट पडलं, प्लॉटचे पांढरे दगड लागले. तो लेआउटवाला मले आठवड्याले फोन करून राहिला. मी दिवाळीले येतो. तोवर तळ्यात मरळ फिरताना दिसली, तं वावर तुमचं. नाही तं मी त्याले हो म्हणतो. मंजूर?"

"मंजूर," काकाजी म्हणाले, आणि चप्पल घालू लागले. दिवाळीला तेव्हा पाच महिने होते.

मरळ आणायला ते कवडूकडे गेले. कवडू ढिवर पलीकडच्या गावचा, मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकणारा. माझं ऑफिस त्याच रस्त्याला असल्यानं मोटरसायकल माझी होती आणि मागच्या सीटवर काकाजी. त्यांना मागे बसवून गाडी चालवणं म्हणजे जिवंत कोंबडं पिशवीत घालून नेण्यासारखं आहे.

"मरळ आत्ताच टाकली तं खाईन काय?" कवडू म्हणाला. "तुमचं तळं नवं कोरं. त्यात बेंडकीबी नाही. आधी बारकी मासळी टाका, तिले पिल्लं होऊ द्या, तळं भरू द्या. घरात दाणा नाही अन् पाहुण्याले आवतन देऊन राहिले तुम्ही."

त्यानं डब्यातून बोटाएवढे चंदेरी मासे आणून दिले. पावसाचं पाणी तळ्यात आलं होतं, त्यात ते सोडले. पाण्यात थोडी चमक उठली आणि विझली. काकाजी काठावर ओणवे झाले.

"दिसत नाही गा एकबी."

"आत्ताच तं सोडले, काकाजी."

"पिल्लं कवा देतीन?"

"लगन आज लागलं, बारसं उद्याच नाही होत," कवडू म्हणाला आणि डबा झटकून निघून गेला.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरातली पीठ चाळायची चाळणी गायब होती. काकाजी रोज सकाळी माझ्यासोबत वावरात उतरायचे, चाळणी पाण्यात बुडवायचे, उचलायचे, बघायचे. संध्याकाळी परतताना मी त्यांना उचलायचो तेव्हाही चाळणी हातातच. चाळणीत शेवाळ यायचं, पाणकिडे यायचे, मासे येत नसत. काकीच्या चाळणीनं पुरलं नाही तेव्हा माझी मच्छरदाणी गेली. मासे लाजरे असतात असं नाही, पण दिवसातून वीसदा आपल्या घराचं छत कोणी उचलून पाहत असेल तर कोणीही खाली तळाशीच राहील.

"मेले वाट्टे सारे," काकाजी रात्रीच्या जेवणाला म्हणायचे आणि गुडघा असा हलायचा की पाण्याचा तांब्या सरकायचा.

"मेले असते तं वर आले असते," काकी म्हणायची. "तुमी वरतून बाजूले होसान तवा ते वर येतीन."

मासे शेवटी वर आले ते काकीमुळे. काकीच्या गळ्यात माळ आहे. काकाजींना मासा खायचा झाला तर मागच्या अंगणात, वेगळ्या स्टोव्हवर, स्वतः रांधून, हात धुऊन घरात यावं लागतं. तर रोहितचं लग्न जमावं म्हणून कोणा पंडितानं काकीला माशांना कणीक खाऊ घालायला सांगितलं होतं. दर शनिवारी ती महाल वस्तीतल्या आपल्या माहेरी जायची आणि जाताना वाटेतल्या 'शुक्रवारी' नावाच्या तलावात कणकेच्या गोळ्या टाकायची. घरचं तळं झाल्यावर तिनं सरळ विचारलं, "आपल्या घरी मासे असताना मी दुसऱ्याच्या माशाले काहून खाऊ घालू?"

एका शनिवारी ती परात घेऊन आली. मळलेल्या कणकेच्या बारीक गोळ्या, हरभऱ्याएवढ्या. तिनं पदर सावरला, हात जोडले आणि पहिली मूठ टाकली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग तळ्याचा तो कोपरा खदखदला, जसं काही खालून कोणी जाळ लावला. चांदीचे तुकडे, नखाएवढे, बोटाएवढे, पेराएवढे. पिल्लं. पिल्लांचीही पिल्लं असावीत. एकावर एक चढून तोंडं उघडत होती. काकाजी ओरडले नाहीत. ते काठाकाठानं धावत सुटले आणि तळ्याला पूर्ण वळसा घालून परत आमच्याजवळ आले, मग दुसरा वळसा.

"पाह्यलं का! पाह्यलं का वं!" दुसऱ्या फेरीला ते काकीला म्हणाले.

"पाह्यलं. आता पाय आवरा, मासे भितीन."

पुढच्या शनिवारी काकीसोबत भजनी मंडळ आलं. मंडळाच्या प्रमुख चारुलता काकू, पलीकडच्या गल्लीतल्या. कोणाच्या घरी साडेसाती, कोणाची सून माहेरी, कोणाच्या पोराची परीक्षा; प्रत्येकीची परात वेगळी. काकाजींना आनंद झाला, कारण कणीक टाकली की मासे दिसत आणि मासे दिसले की त्यांना बरं वाटे. मग शनिवार कशाला, त्यांनी रोजच टाकायला सुरुवात केली. शेजारच्या चक्कीवरून भरडा आणला. चाळणी घरी परत आली, पण तिच्यात चाळायला पीठ उरलं नाही.

ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं, त्यात दोन दिवस ढग दाटले आणि हवा गुदमरली. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी हरभऱ्याच्या भाजीसारखं हिरवं होतं आणि वास येत होता. सगळे मासे वर होते. कणकेसाठी नाही. तोंडं पाण्याच्या बाहेर काढून, जागच्या जागी, हवा चावत होते. काही उलटे पडलेले.

मी कवडूला फोन लावला. "किती दिवसापासून कणीक टाकून राहिले?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो उसळलाच. "मासे पोसून राहिले का लग्नाची पंगत? अन्न सडलं, पाण्यातली हवा गेली. पाणी हालवा. पंप लावा, काहीही करा, पाणी हालवा!"

वीज नव्हती. वावरातली वीज कधी येते हे विजेलाच ठाऊक.

मी वळून पाहिलं तर काकाजी पँटसकट पाण्यात उतरले होते. छातीभर पाण्यात ते चालू लागले. हातानं पाणी उडवत, पायानं ढवळत, या काठावरून त्या काठावर. टालावर ओंडके मोजताना ज्या चालीनं चालत असतील त्याच चालीनं. मी कंबरेपर्यंत उतरलो, थोड्या वेळानं दमून बाहेर आलो. ते चालतच होते. कवडू सायकलवरून येईपर्यंत चालत होते, वीज येऊन पंपाची धार पडेपर्यंत चालत होते. कवडूनं काठावर सायकल टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आपल्या तलावावर असा एक माणूस पगारानं ठेवला पाह्यजे," तो म्हणाला.

दुपारपर्यंत मासे खाली गेले. जे मेले ते कवडूनं टोपलीत भरले, जे वाचले ते पाण्यातच राहिले. बरेच वाचले होते. काकाजींचे ओठ निळे पडले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा गुडघा थकून गप्प होता. संध्याकाळी मात्र परत सुरू झाला. काकीनं त्या दिवसापासून हुकूम काढला: सगळ्या मंडळाची मिळून शनिवारी एकच मूठ. उरलेली कणीक गाईला.

दिवाळी पंधरवड्यावर आली तेव्हा कवडूनं मरळ आणली. वीतभर लांब, सापासारख्या डोक्याच्या, ठिपकेदार, काळपट. चार-दोन नाहीत, दोन डबे भरून. नेमका शनिवार होता आणि काठावर सगळं मंडळ उभं.

"हे कायले?" चारुलता काकूंनी डब्यात डोकावून विचारलं.

"हे बारकी मासळी खाते," कवडूनं प्रामाणिकपणे सांगितलं.

जे व्हायचं ते झालं. ज्या माशांना आपल्या हातानं भरवलं, ज्यांच्यापुढे पोरांची लग्नं मागितली, त्यांच्यात खाणारा सोडायचा? चारुलता काकूंनी परात छातीशी धरली. "शामलाताई, तुमच्या घरचं तुमी पाहा. पण आमचा नेम पुरा व्हायचा हाय."

काकाजी काकीभोवती फिरू लागले. "अवं, यायच्यासाठीच तं तळं केलं! मासा मासाले खाते, त्यात आपलं काय गेलं?"

"खाऊ द्या की," काकी शांतपणे म्हणाली. "पाण्यात कोण कोणाले खाते ते देव पाहीन. पण सोडाले तुमचा हात नको, अन् कवडूचाबी नको. घरचा पाहुणा आपल्या पायानं आला तं तो पाहुणा. आपण आणून बसवला तं आपण कसाई."

"मासाले पाय कुठी असते वं!"

"मरळीले असल्यासारखेच हाय," कवडू मध्येच बोलला. "वल्ल्या मातीतून सरकत जाते ती, वाहत्या पाण्याच्या तोंडाकडे. मी पाह्यली हाय."

तेव्हा सगळ्यांची नजर त्या चुकीच्या जागी खोदलेल्या खड्ड्याकडे गेली. त्यात पावसाचं पाणी होतं, बेंडक्या होत्या, थोडं गवत. मरळ त्यात सोडायला मंडळाची हरकत नव्हती. बेंडक्यांना कोणी कणीक घातली नव्हती. तळं आणि खड्डा यांच्यात कवडूनं कुदळीनं हातभर रुंद चर काढला. वावरातल्या जुन्या विहिरीचा पंप तळ्यात सोडायचा, तळं भरून चरातून पाणी खड्ड्यात उतरायचं, आणि मरळ त्या ताज्या पाण्याच्या उलट चढून तळ्यात जाणार. आपल्या पायानं.

"कवा जातीन?" काकाजींनी विचारलं.

"बेंडक्या संपल्या का जातीन. पण काकाजी, मरळ लय सावध. काठावर काही हाललं का ती जागची हलत नाही. तुमी घरीच राहा."

ते घरी राहिले नाहीत. मग जे झालं ते सांगायला नको. काकाजी चरापाशी यायचे, सावली पडायची, मरळी गवताखाली जायच्या. काकाजी दूर जायचे, दुरून दिसायचं नाही म्हणून परत यायचे. रोहित लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आला. आल्या आल्या त्यानं तळ्याला एक चक्कर मारली, बारके मासे पाहिले, खड्ड्यातल्या मरळी पाहिल्या.

"बाबा, मी तळ्यात म्हटलं होतं," तो म्हणाला. "हे तं डबकं आहे."

"जाईन ना गा."

"पाडव्याच्या दुपारी मी लेआउटवाल्याले सांगतो. हो किंवा नाही." त्यात राग नव्हता. वडिलांच्या उद्योगांची त्याला सवय होती, म्हणूनच तो इतका ठाम होता. मशरूमच्या वेळी पिशव्या त्यानंच उचलल्या होत्या.

पाडव्याच्या सकाळी काकीनं काकाजींना ओवाळलं, तेही चालता चालता, आणि आम्ही सगळे वावरात गेलो. पंप सुरू होता. चरात घोटाभर पाणी झुळझुळत होतं. खड्ड्यात काठाशी काळ्या काड्या दिसत होत्या, तोंडं चराकडे. बेंडक्या संपल्या होत्या हे उघड होतं. फक्त काठ शांत व्हायला हवा होता.

काकाजी गेले आणि आले. गेले आणि आले.

"बसा," काकी म्हणाली.

"बसतोच आहो."

"उभे हाय तुमी."

तिनं गोणपाट टाकलं, त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं आणि कणकेची परात त्यांच्या मांडीवर ठेवली. "गोळ्या करा. हरभऱ्याएवढ्या. माह्या माशाले मोठ्या लागत नाही."

"आज कुठी शनिवार हाय?"

"गाईले रोजच शनिवार असते. करा."

काकाजी गोळ्या करू लागले. पहिल्या गोळ्या लिंबाएवढ्या झाल्या, मग बोराएवढ्या. गुडघा उडाला की परात कलायची, म्हणून त्यांना गुडघा आवरावा लागला. बोटं वळत होती, कणीक वळत होती, आणि सगळी मोटर जशी पायातून निघून बोटांत आली. रोहित माझ्याजवळ उभा होता. काकीनं डोळ्यानं खूण केली तसा तोही उकिडवा बसला. त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्यानं तो बाहेर काढून बघितला, लेआउटवाला होता, आणि तसाच मुठीत दाबून ठेवला.

गोळ्या हरभऱ्याएवढ्या होऊ लागल्या.

खड्ड्याच्या काठाची एक काडी हलली. चराच्या तोंडाशी आली, थांबली. काकाजींची बोटं थांबली नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. डोळे मात्र त्या काडीवर. मरळ चरात शिरली. पाणी कमी, तिची पाठ बाहेर, ऊन पडून ठिपके चमकले. मध्यावर पुन्हा थांबली, अगदी काडीसारखी. माझा पाय बधिर झाला होता. रोहितचा श्वास ऐकू येत नव्हता. आणि मग ती सुटली. एक वळवळ, एक सपकारा, आणि चर रिकामा. तळ्याच्या कोपऱ्यात बारक्या माशांचा थवा फुटून चांदीसारखा उडाला.

काकीनं तेवढ्यापुरती मान वळवून शेजारच्या वावरातले पांढरे दगड पाहायला सुरुवात केली होती. "मले काही दिसलं नाही बावा," ती म्हणाली.

"मले दिसलं," रोहित म्हणाला. त्यानं फोन कानाला लावला. "हॅलो... हो, हो, तुम्हालेबी शुभेच्छा. नाही, जागा नाही द्यायची... नाही, पैशाचं नाही काही. तिथं तळं आहे."

त्यानं फोन खिशात टाकला आणि वडिलांच्या समोर जाऊन हात पुढे केला.

"उठा बाबा. गेली ना मरळ. चला जेवायले."

काकाजींनी हात धरला नाही. ते परातीकडे बघत होते, एक गोळी दोन बोटांत फिरवत.

"बस खाली, हालू नको," ते हळूच म्हणाले. "दुसरी तोंडाशी आली हाय."